बिनमोटारीची वही

आमच्या हेडक्लार्कांना स्टेशनचा रस्ता विचारू नये, हे भिंगारमध्ये लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. नवखा माणूस मात्र फसायचा. तो बिचारा सहज विचारायचा, आणि हे त्याला आधी सावलीत बसवायचे, पाणी द्यायचे, गाडी किती वाजताची ते विचारायचे, आणि मग पेन्सिल काढून कागदावर नकाशा काढायला घ्यायचे. त्या नकाशात दोन विहिरी, एक ओढा, चिंचेची रांग आणि एखादं चावरं कुत्रं असायचं. नसायची ती फक्त मोटार. सरळ रस्त्यानं तासाभरात पोचणारा माणूस त्यांच्या वाटेनं दोन-अडीच तासांनी स्टेशनवर उगवायचा. गाडी अर्थातच गेलेली असायची.

एकदा त्यांनी काकूंनाच फसवलं. काकू म्हणजे त्यांची बायको. काकूंच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, मुलीकडचे दौंडजवळचे. ट्रंक, वळकटी, आहेराचं बोचकं असं सगळं टांग्यात चढवलं, आणि ह्यांनी टांगेवाल्याशेजारी बसून त्याला लष्करी कुरणाच्या मागनं घ्यायला लावलं. का, तर मोठ्या रस्त्यावर लॉऱ्या फार. टांग्याचं चाक ओढ्यात रुतलं. काकू आहेराच्या बोचक्यासकट ओढ्यात उतरल्या. स्टेशनवर पोचेतो गाडीचा धूरसुद्धा उरला नव्हता. दुसरी गाडी येईपर्यंत काकू बाकावर तोंड फिरवून बसल्या होत्या आणि हे शेजारी बसून वहीत लिहीत होते, 'ओढा : टांग्यास अयोग्य. सायकलीस उत्तम.' ही हकीगत मला काकूंनीच सांगितली. सांगताना त्यांचा राग जसाच्या तसा होता, पण वही त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली.

आमचं ऑफिस लष्कराच्या सामानाचं. मी तिथे चिकटलो तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. हेडक्लार्क म्हणजे करड्या मिशांचा, काटकुळा, पायाला जुन्या लष्करी पट्ट्या गुंडाळून सायकलवर येणारा माणूस. ऑफिसात त्यांना हेडक्लार्क म्हणायचे, मी पुढे काका म्हणू लागलो, पण साऱ्या भिंगारमध्ये त्यांचं नाव 'फ्रान्सवाले'. पहिल्या लढाईत ते मजूर पलटणीबरोबर कारकून म्हणून फ्रान्सला गेले होते. तिकडून लोक घड्याळ आणतात, दुर्बीण आणतात, कोट आणतात. ह्यांनी आणलं एक खूळ.

खुळाची गोष्ट अशी. पलटणीचा मुक्काम होता तिथे एक मोठा पाट होता. पाटातून होड्या जायच्या आणि काठावरून घोडे त्या ओढायचे. घोड्यांसाठी म्हणून काठाला पायवाट, दोन्ही बाजूंना उंच झाडं, आणि मैलन्‌मैल एक मोटार नाही. गावात एक म्हातारी होती. तिचा मुलगा लढाईवर होता आणि त्याची सायकल परसात गंजत होती. रविवारी सुट्टी मिळाली की म्हातारी ती सायकल ह्यांना द्यायची. एकच अट घालायची. समोरून कुणी ओझं घेऊन आलं की उतरायचं, आणि म्हणायचं, "दूसमाँ." दूसमाँ म्हणजे हळू, सावकाश, बेतानं. वीसएक वर्षं होऊन गेली तरी भिंगारच्या ह्या हेडक्लार्कांच्या तोंडी तो शब्द होता. ऑफिसात कुणी घाईघाईनं दौत उचलली, की दूसमाँ. शिपाई फायलींचा ढीग घेऊन जिना चढायला लागला, की दूसमाँ. बैलांनासुद्धा दूसमाँच. पोरं त्यांच्या मागे "दुसमा, दुसमा" करत पळायची, आणि ते वळून त्यांना उच्चार दुरुस्त करून सांगायचे.

सायकलची घंटी त्यांनी काढून टाकली होती. "घंटी वाजवणं म्हणजे दुसऱ्याला बाजूला हो म्हणणं," असं त्यांचं मत. बाजूला व्हायचं ते आपण. डोक्यावर हंडा, पाटी, मोळी, काहीही घेतलेली बाई समोरून आली की हे उतरलेच. एकदा मी त्यांच्याबरोबर राजूरला होतो आणि दुर्दैवानं तो बाजाराचा दिवस निघाला. डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांतून बायाबापडे ओझी घेऊन उतरत होते. एवढासा रस्ता, पण हे उतरताहेत, चढताहेत, पुन्हा उतरताहेत. शेवटी मी वैतागून म्हटलं, काका, सरळ चालत जाऊ ना. तर म्हणाले, मग उतरण्यात काय राहिलं? 

आणि काटे. टायरमध्ये घुसलेला प्रत्येक बाभळीचा काटा ते काड्यापेटीत ठेवायचे, वर गावाचं नाव लिहून. लढाईत टायर-ट्यूब मिळणं मुश्कील झालेलं. त्यांच्या मागच्या टायरला आतून जुन्या टायरचे तुकडे शिवलेले होते, आणि चाक फिरताना टप टप असा आवाज यायचा. घंटी नसली तरी ते येताना कळायचं ते त्या आवाजानं.

आता वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, ऑफिसच्या रजिस्टरासारखी आखलेली. नगर जिल्ह्यात सायकल जाईल पण मोटार जाणार नाही अशा जेवढ्या वाटा त्यांना सापडल्या, तेवढ्या तिच्यात होत्या. मैल लिहिलेले नसायचे. 'दोन तास, तीन विहिरी' असं अंतर. विहिरीला पाणी गोड की मचूळ, सावली कुठे, कुत्रं कोणत्या घराचं, वाटेची रुंदी किती हात, बैलगाडी जाईल की नाही. रुंदी का, तर मोटार शिरण्याइतकी जागा आहे का ते कळावं म्हणून. ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे एखाद्या नोंदीत खाडाखोड झाली तर शेजारी छोटी सही. पण खाडाखोड व्हायचीच नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत आपली एकही नोंद चुकीची निघाली नाही, ही एकच गोष्ट ते स्वतःविषयी बढाईनं सांगायचे. तीही तास तास सांगायचे, हा भाग वेगळा.

ह्या माणसाची इच्छा तरी काय असावी? काशी नाही, रामेश्वर नाही. भिंगारहून निघायचं आणि थेट भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत जायचं, पण मोटारीच्या रस्त्याला चाक लावायचं नाही. नगरहून राहुरीकडे जाणाऱ्या गाडीवाटा त्यांनी शोधल्या होत्या. तिथून पुढे प्रवरेचा पाट. पाटाच्या काठानं इरिगेशनवाल्यांची तपासणीची सडक होती. महिन्यातून एखाद्या वेळी त्यांच्या साहेबाची मोटार फिरायची, एरवी शुकशुकाट. त्या सडकेवर जायची चिठ्ठी ह्यांनी अर्ज करून करून मिळवली होती. पहिल्यांदा पाटाच्या काठानं गेले तेव्हा रडू आलं म्हणाले. पाणी तसंच, सावली तशीच, फक्त होड्या नाहीत आणि घोडे नाहीत.

सगळं जुळलं होतं. अडत होतं ते एका ठिकाणी. नदीवरच्या ज्या बंधाऱ्यातून हा पाट निघतो, त्याच्या अलीकडे एके जागी काठाची सडक तुटायची आणि मोटारीच्या रस्त्यावर यावं लागायचं. तीन मैल लॉऱ्यांचा धुरळा खायचा आणि मग पुन्हा नदीकाठची वाट. चार वर्षं ते ह्या तीन मैलांना वळसा शोधत होते. ते जेवायला बसले तरी बोटानं ताटाच्या कडेला रेघा ओढायचे, असं काकू सांगायच्या.

आमच्या ऑफिसला नाताळची सुट्टी असायची. त्या वर्षी मला बरोबर चल म्हणाले. हेडक्लार्क म्हणतात तर नाही कसं म्हणायचं? मी एक सायकल भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी पाटकऱ्याच्या चौकीवर मुक्काम केला. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस. फ्रान्सवाल्यांना बघून तो सख्खा भाऊ आल्यासारखा खूश झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तुटलेल्या जागी आलो तोवर माझी बसायची जागा सोलवटून निघाली होती आणि गुडघे बोलत होते. आणि तिथे ह्यांना तो बांध दिसला.

एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला गहू, आणि मधून दोरी लावल्यासारखा सरळ बांध. पलीकडे नदीकाठची झाडं दिसत होती. तीन फर्लांग, फार तर. चार वर्षं शोधत होते ते हेच. फ्रान्सवाले नुसते बघत उभे राहिले.

शेतात शिरण्याआधी हाक मारायची हा त्यांचा रिवाज होता. "आहे का कुणी? जाऊ का?" असं ओरडायचं आणि कुणीतरी येऊन जा म्हणेपर्यंत थांबायचं. त्यांनी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. पुन्हा मारली. उसात कुणाला ऐकू जाणार? ते सायकलला टेकून थांबले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, कोण बघतंय? चाकानं शेत झिजतं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बांधाकडे बघितलं, आणि सायकलवर बसले. मागोमाग मी. आदल्या दिवशीच गव्हाला पाणी दिलेलं होतं. बांध ओला होता आणि चाकं खोल उमटत होती. पण ते बघायला कुणाला सवड होती? पलीकडे पोचल्यावर त्यांनी टोपी काढून हवेत फेकली. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि टोपी काट्यात अडकली ती मला काढावी लागली.

पलीकडे एक गुऱ्हाळ चालू होतं. तिथल्या मालकानं आम्हांला रस पाजला, चौकशी केली. हे आनंदात होतेच, वही काढली, तिथल्या तिथे नोंद लिहिली आणि त्या भल्या माणसाला मोठ्यानं वाचूनही दाखवली. त्यानं दोनदा वाचायला लावली. मला वाटलं, चला, एक तरी कदरदान भेटला.

त्या वेळी आम्ही धरणापर्यंत पोचलो. धरणाच्या भिंतीशी बसून भाकरी आणि ठेचा खात होतो तेवढ्यात कुणा साहेबाची मोटार भोंगा वाजवत आली. हे ताडकन उठले. "पोचलो म्हणायचं, झालं," म्हणाले, आणि आम्ही परत फिरलो. इतक्या वर्षांच्या इच्छेला पाव तास मिळाला. पण परतीच्या सबंध वाटेवर ते गुणगुणत होते, आणि माणूस इतका खूश झालेला मी आधी पाहिला नव्हता.

दोन महिन्यांनी ऑफिसात समन्स आलं. हेडक्लार्कांच्या नावानं. तालुक्याच्या कचेरीत मामलेदारांपुढे साक्षीला या, सोबत वही आणा.

ते गुऱ्हाळवाले गृहस्थ आणि त्या शेताची मालकीण हे दीर-भावजय निघाले. ती विधवा. तिच्या बांधावरून आपल्या गाड्या पाटाच्या सडकेला काढाव्यात असं दिराच्या मनात कधीचं होतं, कारण त्याची स्वतःची वाट लांबून फिरून जायची. ती जाऊ देत नव्हती. एकदा गाड्या चालू झाल्या की बांधाचा रस्ता होणार, रस्त्यापायी दोन्हीकडचं पीक तुडवलं जाणार, आणि चार एकरांतलं निम्मं रान हातचं जाणार. तेवढ्यावर तिचं आणि तिच्या दोन मुलींचं चाललं होतं. आम्ही जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दिरानं आमच्या चाकांच्या रेघांवरूनच गाडी घातली. रस्ता तर चालूच आहे म्हणाला. तिनं बांधावर काट्या टाकल्या. मग हा मामलेदारांकडे गेला, की माझी वहिवाट अडवली. वहिवाट म्हणजे वापरानं लागू झालेला हक्क. आणि पुरावा काय? तर पंचवीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेल्या माणसाची वही.

समन्स वाचून फ्रान्सवाले त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या. मलाही झोप नव्हती. मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली ती बसली होती. चाळिशीची असेल, उन्हानं रापलेली, हातात पदराचं टोक घट्ट धरलेली. ह्यांच्या पायांच्या पट्ट्या बघून तिनं ओळखलं.

"तुमीच का ते सायकलवाले?"

हे हो म्हणाले.

"तुमी एकदा गेला, तुमाला बरं वाटलं. पन चाकाची रेघ मागं राहिली ना, दादा."

ती ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फ्रान्सवाल्यांनी हात जोडले आणि तसेच आत गेले. मागोमाग मी आणि तीही.

आत दिराच्या वकिलानं वही उघडली आणि नोंद खणखणीत आवाजात वाचली. 'बांधावरून वाट उत्तम. रुंदी चार हात. बैलगाडी सहज जाईल. मोटार येण्याची भीती नाही.' मग विचारलं, अक्षर आपलंच ना? हे म्हणाले, हो. गाडी जाईल हे आपण स्वतः पाहून लिहिलंत? हो. ह्या वहीतल्या आपल्या नोंदी बरोबर असतात? मी मागच्या बाकावर बसलो होतो.  हो म्हणाले तर त्या बाईचं रान गेलं. आणि नाही कसं म्हणतील? आयुष्यभर उराशी धरलेली ती एकच तर बढाई होती.

फ्रान्सवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"अक्षर माझं आहे. नोंद चुकीची आहे."

मामलेदारांनी मान वर केली. कशी चुकीची, विचारलं. गाडी जात नाही का?

"गाडी जाईल, साहेब. पण तिथे वाट नाही. तिथे एक शेत आहे. मी हाक मारली, जबाब आला नाही, आणि मी न विचारता शिरलो. मी गेलो त्याला मी वाट म्हटलं. ती माझी चोरी आहे, ती मी नीटनेटक्या अक्षरात लिहून ठेवली आहे."

वकील म्हणाला, पण आपल्याआधीही तिथे वहिवाट असेलच की. हे म्हणाले, असती तर चाकोरी असती. त्या बांधावर माझ्या चाकाआधी कुठलीही रेघ नव्हती, हे मी शपथेवर सांगतो, कारण रेघा बघणं हाच माझा छंद आहे. मामलेदारांनी विचारलं, नेहमी विचारून जाता, मग त्या दिवशीच का नाही थांबलात? मी खाली बघितलं. आता माझं नाव येणार. उठून उभं राहावं, सांगून टाकावं, असं मनात आलं. आलं आणि गेलं. मी उठलो नाही. आजही ते आठवलं की लाज वाटते.

ते म्हणाले, "घाई झाली."

तेवढंच म्हणाले. बाहेर पडल्यावर मी चाचरत विषय काढला, की काका, मी तुम्हांला... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "पायडल कोण मारत होतं?" असं विचारलं, आणि चहा प्यायला घेऊन गेले. 

निकाल लागेपर्यंत वही कचेरीत अडकली. दीड महिना. तेवढ्या दिवसांत हा माणूस पार उतरला. रविवारी सायकल काढायची, कुंपणापर्यंत जायचं, आणि परत यायचं. शेवटी मामलेदारांनी स्वतः जागा पाहिली आणि वहिवाट नाही असा निकाल दिला. बांध बाईंचा राहिला. वही परत मिळाली तेव्हा फ्रान्सवाले कचेरीच्या पायरीवरच बसले, त्या पानावर काट मारली, शेजारी सही केली आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मी डोकावलो तर वही मिटली.

मग ते मला घेऊन त्या शेतावर गेले. बाई खुरपत होत्या. ह्यांनी माफी मागितली, पुन्हा इकडे येणार नाही म्हणाले. बाईंनी खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, एवढ्या लांबून येता तरी कशाला? ह्यांनी सांगितलं. पाट, धरण, मोटार, फ्रान्स, म्हातारी, घोडे, दूसमाँ, सगळं सांगितलं. आम्ही ऑफिसात ह्या गोष्टीला जांभया द्यायचो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये दोन प्रश्नही विचारले. घोड्याला होडी ओढवते का, हा एक. मग म्हणाल्या, "पायी जात जा की. मानूस पायी गेला तर त्याचं कोन काय करतंय? पन चाक टेकवू नका. दीर टपूनच हाय."

झालं. त्या दिवसापासून बांध आला की फ्रान्सवाले उतरायचे, हाक मारायचे, बाई हात वर करायच्या, आणि हे सायकल खांद्यावर घ्यायचे. ती जुनी अवजड सायकल, वर शिदोरी, अवजारं, टायरांचे तुकडे. तीन फर्लांग. पलीकडे पोचेतो माणूस घामाघूम. मी एकदा म्हटलं, काका, मोटारीच्या रस्त्यानं तीन मैल काय वाईट? तर म्हणाले, सबंध वाटेतला हाच तुकडा मला सगळ्यांत आवडतो. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाबा तुमची. मी स्वतः तिथे दोनदाच सायकल उचलली आणि दोन्ही वेळा पाठ धरली.

लढाई संपली, ते पेन्शनीत निघाले. मीही संसाराला लागलो आणि बरोबर जाणं सुटलं. ते मात्र हिवाळ्यात एकदा भंडारदऱ्याला जायचेच. छातीला त्रास होता, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलेलं. काकू माझ्यामागे लागायच्या, तुम्ही तरी सांगा हो ह्यांना. मी जाऊन विचारायचो, बांधावर सायकल कशी उचलता? "उचलतो की. त्यात काय?" म्हणायचे, आणि विषय बदलायचे. मी म्हणायचो, खोटं बोलत नाही हा माणूस, उचलत असेल.

ते गेले ते घरीच, सकाळी, ट्यूबला ठिगळ लावताना. सोल्युशन वाळायला ठेवलं होतं ते वाळत होतं, आणि हे भिंतीला टेकून बसले होते. दहा दिवसांनी काकूंनी मला बोलावलं आणि सायकल व वही दोन्ही माझ्या हवाली केली. म्हणाल्या, मला दोन्ही डोळ्यांसमोर नकोत, आणि विकवतही नाहीत.

घरी येऊन मी आधी ते पान काढलं. जुनी नोंद काटलेली, शेजारी सही. खाली लिहिलं होतं, 'येथे वाट नाही. येथे बाईंचे शेत आहे. हाक मारावी, ओ येईपर्यंत थांबावे. सायकल उचलून न्यावी.'

त्या नाताळात मी निघालो. त्यांच्या सायकलवर, टप टप आवाज करत. चौकीवर पाटकऱ्याला सांगितलं तेव्हा तो आत जाऊन बसला तो बराच वेळ बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी बांधाशी पोचलो आणि हाक मारायच्या आतच बाई उसातून बाहेर आल्या, हसत, भरभर चालत. त्यांनी आवाज ओळखला होता, सायकल ओळखली होती. जवळ आल्यावर माझं तोंड दिसलं आणि हसू थांबलं.

"ते न्हाई आले?"

मी सांगितलं. त्या तिथेच बांधाच्या कडेला टेकल्या. मीही बसलो. मग मला राहवेना. इतकी वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं, की त्या दिवशी चला म्हणणारा मी होतो, घाई माझी होती. त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. तुमी त्या दिशी कचेरीत मान खाली घालून बसला हुता, तवाच कळलं." एवढं बोलून त्यांनी पदरानं सायकलच्या बैठकीवरची धूळ पुसली.

मी उठून सायकल खांद्यावर घ्यायला गेलो, तर त्यांनी अडवलं. म्हणाल्या, तसं न्हाई. मग कळलं ते असं, की शेवटची तीन वर्षं फ्रान्सवाल्यांना सायकल उचलवत नव्हती. पहिल्या वर्षी खांद्यावर घेतली आणि खालीच बसले. बाई म्हणाल्या, जाऊ द्या, आता दीर बी म्हातारा झाला, चाकावर जा. ऐकेनात. तेव्हापासून पुढचं चाक बाई धरायच्या, मागचं हे धरायचे. तीन फर्लांग.

"तुमाला सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

मी मान हलवली. बाईंनी पदर खोचला, पुढे होऊन पुढचं चाक उचललं आणि माझी वाट न बघता चालू लागल्या. मी घाईघाईनं मागचं चाक धरलं. गव्हाला पाणी दिलेलं होतं, बांध ओला होता. थोडं गेल्यावर माझा पाय घसरला आणि सायकल कलली. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "दुसमा, दादा, दुसमा."

आणि मी हळू चालू लागलो.